नकाशातून कथा सांगणे : स्टोरीमॅप्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि जबलपूरच्या तलावांचे उदाहरण

१. प्रस्तावना

एका साध्या प्रयोगाने सुरुवात करू. एका तक्त्यात फक्त 'गोरखपूर' एवढा शब्द लिहा आणि तो तक्ता एखाद्या जिओकोडिंग सेवेला, म्हणजे नावावरून अक्षांश-रेखांश शोधून देणाऱ्या सेवेला द्या. नकाशावरची खूण बहुधा उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर शहरावर पडेल. मी राहतो ते गोरखपूर मात्र जबलपूर शहराचा एक भाग आहे, मदनमहल स्टेशनच्या जवळचा. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत सुमारे सव्वापाचशे किलोमीटर अंतर आहे.

इथे संगणकाची चूक नाही. आपण नाव दिले, ठिकाण दिले नाही. नकाशातून कथा सांगताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. कथा सुंदर दिसते, चित्रे सरकतात, रंग जुळतात, पण खूण भलत्याच जागी असते. वाचकाला ते कळत नाही, कारण छापलेल्या वा पडद्यावरच्या नकाशावर लोक चटकन विश्वास ठेवतात.

या पाठाच्या शेवटी तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :

• साधा नकाशा आणि कथानकाशा यांतला फरक सांगणे.
• स्टोरीमॅप्स स्पर्धेच्या प्रवेशिकेकडून काय अपेक्षित असते ते समजणे.
• एखाद्या स्थानिक विषयाचे नकाशावर तपासता येईल अशा प्रश्नात रूपांतर करणे.
• उपग्रहचित्रावरून काढलेला निष्कर्ष जागेवर जाऊन पडताळणे.

२. कथानकाशा म्हणजे काय?

साधा नकाशा 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर देतो. कथानकाशा 'कुठे' बरोबरच 'केव्हा', 'कसे' आणि 'म्हणून काय' हेही सांगतो. त्यात नकाशे, मजकूर, छायाचित्रे, आलेख, कधी ध्वनिमुद्रण, हे सगळे एका ठरावीक क्रमाने येते. वाचक पान खाली सरकवत जातो तसा नकाशाही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो.

साधन नवे असले तरी कल्पना जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडली. खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दिसत होती. १८६९ मध्ये फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. सैन्याची वाट त्याने पट्ट्याने दाखवली आणि पट्ट्याची जाडी दर १०,००० सैनिकांना १ मिलिमीटर अशी ठेवली. ४,२२,००० सैनिकांनी सुरू होणारा जाड पट्टा परतीला १०,००० वर, म्हणजे जेमतेम एका मिलिमीटरवर येतो. एकही विशेषण न वापरता त्या मोहिमेची शोकांतिका डोळ्यांसमोर उभी राहते.

या दोन उदाहरणांवरून एक कसोटी मिळते. नकाशा काढून टाकला तरी तुमची कथा तशीच समजत असेल, तर तो सचित्र निबंध आहे, कथानकाशा नाही.

३. स्पर्धेची ओळख

भौगोलिक माहिती प्रणालीच्या क्षेत्रातली एसरी ही कंपनी जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्स येथे सुरू केली. नॅशनल जिओग्राफिकचे माजी मुख्य नकाशाकार अॅलन कॅरल यांनी पुढे या कंपनीत कथानकाशांचा गट उभा केला. आज वापरात असलेले आर्कजीआयएस स्टोरीमॅप्स हे साधन २०१९ मध्ये आले. या साधनात तयार केलेल्या कथानकाशांसाठी कंपनी जगभरातून प्रवेशिका मागवते. २०२१ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या सहकार्याने घेतलेल्या स्पर्धेचा विषय सागरांचे पुनरुज्जीवन हा होता.

विषय, विभाग, मुदत, भाषा आणि पात्रता यांचे नियम दरवर्षी नव्याने जाहीर होतात. म्हणून मागच्या वर्षीच्या नियमांवर विसंबू नका, चालू वर्षीचे पत्रक मुळातून वाचा. एक सर्वसाधारण गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कथानकाशा सर्वांना पाहण्यासाठी खुला असावा लागतो. महाविद्यालयाच्या खात्यात बंदिस्त राहिलेला नकाशा परीक्षकाला उघडताच येत नाही. सादर करण्यापूर्वी मित्राच्या मोबाइलवर, कुठल्याही खात्यात प्रवेश न करता, तो उघडून पाहा.

हे साधन एका खाजगी कंपनीचे आहे. त्याच्या विनामूल्य खात्यात सुविधा मर्यादित असतात. स्पर्धेत भाग घ्यायचा नसेल तर तेच काम क्यूजीआयएस, लीफलेट किंवा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने बनवलेले स्टोरीमॅप-जेएस यांवरही होते. साधन बदलले तरी पुढच्या पायऱ्या त्याच राहतात.

४. विषयापासून प्रश्नापर्यंत

मी जबलपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तिथल्या चार विद्यार्थ्यांच्या एका गटाने या स्पर्धेसाठी 'जबलपूरचे तलाव' हा विषय निवडला. विषय चांगला होता, पण तो प्रश्न नव्हता. असा विषय घेतला की विद्यार्थी दहा तलावांची दहा छायाचित्रे आणि दहा परिच्छेद जोडतात आणि काम झाले असे समजतात.

जबलपूरकडे या विषयाची सामग्री भरपूर आहे. गोंड राजवटीच्या काळात ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागा अडवून इथे तलाव बांधले गेले. शहरात बावन ताल होते असे लोक सांगतात. संग्रामसागर हे नाव गोंड राजा संग्रामशाहाचे. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याचा, असे परंपरा सांगते. दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मरण पावली. साडेचारशे वर्षांनंतरही रिक्षावाल्याला ही नावे सांगितली की तो बरोबर पोहोचवतो. पण राणीताल म्हटले की आज लोकांना क्रीडासंकुल आठवते आणि चेरीताल म्हटले की वस्ती.

इथून गटाला प्रश्न सापडला : ज्या वस्त्यांच्या नावात 'ताल' किंवा 'सागर' आहे, त्यांपैकी किती ठिकाणी आज पाणी आहे?

हा प्रश्न चांगला का? पहिले कारण, त्याचे उत्तर ठिकाणागणिक देता येते. दुसरे, उत्तर चुकीचे असेल तर ते कोणीही जाऊन सिद्ध करू शकतो. तिसरे, त्याला नकाशा लागतोच.

लोककथासुद्धा अशीच ठिकाणांना बांधलेली असू शकते. अनुपम मिश्र यांच्या १९९३ च्या 'आज भी खरे हैं तालाब' या हिंदी पुस्तकाची सुरुवात याच परिसरातल्या कथेने होते. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई या चार शेतकरी भावांना परीस सापडतो आणि त्या संपत्तीतून ते तलाव बांधतात. त्यांच्या नावांशी जोडलेले तलाव कुंडम, बुढागर, मझगवां आणि कुआंग्राम या गावांत दाखवले जातात. परीस नकाशावर येत नाही, पण तलाव येतात. कथेतला कोणता भाग नकाशावर येतो आणि कोणता येत नाही, हे वेगळे करता येणे ही या विषयातली पहिली शिस्त आहे.

५. माहिती गोळा करणे

५.१ तक्ता. प्रत्येक तलावासाठी एक ओळ करा. रकाने असे : स्थानिक नाव, पर्यायी नावे, अक्षांश, रेखांश, माहितीचा स्रोत, स्रोताचे वर्ष, प्रत्यक्ष भेटीची तारीख, शेरा. नावावरून जिओकोडिंग केले असेल तर प्रत्येक बिंदू डोळ्यांनी तपासा. पत्ता 'गोरखपूर, जबलपूर, मध्य प्रदेश' असा पूर्ण द्या.

५.२ जुना नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० मापनाच्या जुन्या पत्रक-पद्धतीत जबलपूर शहर ५५ एम/१६ या पत्रकात येते. त्याआधीचे नकाशे एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० मापनाचे होते. असा नकाशा स्कॅन करून त्यावरचे ओळखीचे बिंदू (रेल्वेफाटक, पूल, देऊळ) आजच्या निर्देशांकांशी जोडणे याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. इथे अचूकतेचा हिशेब मांडा. १:६३,३६० मापनावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३२ मीटर. त्यामुळे 'तलावाचा काठ अमुक घराच्या भिंतीतून जात होता' असा दावा या नकाशाच्या आधाराने करता येणार नाही.

५.३ उपग्रहचित्रे. लँडसॅटची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळतात. सेंटिनेल-२ ची चित्रे २०१५ पासूनची. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळही उपयोगी पडते. चित्र निवडताना पिक्सेलचा आकार पाहा. एक हेक्टरचा छोटा तलाव सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चित्रात १०० पिक्सेल व्यापतो, लँडसॅटच्या ३० मीटरच्या चित्रात साधारण ११, आणि १९७२ च्या पहिल्या लँडसॅटच्या सुमारे ८० मीटरच्या चित्रात दोनहून कमी. म्हणजे जुन्या चित्रात तलैया दिसत नाही यावरून ती नव्हती असे म्हणता येत नाही.

५.४ प्रक्षेपण. क्षेत्रफळ अंशांमध्ये मोजू नका. जबलपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०२ किलोमीटरचा असतो, तर अक्षांशाचा सुमारे १११ किलोमीटरचा. आधी माहिती यूटीएमच्या ४४ उत्तर या विभागात आणा (ईपीएसजी क्रमांक ३२६४४), मग चौरस मीटर मोजा.

६. पाणी ओळखण्याचे सूत्र आणि त्याचा सापळा

उपग्रहचित्रात पाणी ओळखण्यासाठी मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेला एनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक वापरतात :

एनडीडब्ल्यूआय = (हिरवा − निकट-अवरक्त) ÷ (हिरवा + निकट-अवरक्त)

सेंटिनेल-२ मध्ये हिरवा म्हणजे पट्टा ३ आणि निकट-अवरक्त म्हणजे पट्टा ८. पाणी निकट-अवरक्त किरण शोषून घेते, वनस्पती ते जोरात परावर्तित करतात. समजण्यासाठी दोन पिक्सेल घेऊ.

पाणी : हिरवा ०.०८, निकट-अवरक्त ०.०३. उत्तर = ०.०५ ÷ ०.११ = ०.४५.
वनस्पती : हिरवा ०.०६, निकट-अवरक्त ०.४०. उत्तर = −०.३४ ÷ ०.४६ = −०.७४.

ढोबळ नियम असा की उत्तर धन आले तर पाणी, ऋण आले तर पाणी नाही.

आमच्या गटाने नोव्हेंबरमधले एक स्वच्छ चित्र घेतले, सूत्र चालवले आणि जिथे उत्तर ऋण आले तिथे लाल ठिपका देऊन 'नष्ट' असे लिहिले. नकाशा प्रभावी दिसत होता. लाल ठिपके खूप होते, म्हणून कथाही जोरदार वाटत होती. मी एवढेच विचारले की यांपैकी किती ठिकाणी तुम्ही गेला आहात? उत्तर होते, एकाही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोन मोटारसायकलींवर निघालो. दुसऱ्याच लाल ठिपक्यावर पोहोचलो तर समोर भलामोठा तलाव. काठावर कपडे धुणे चालले होते. पाण्यावर एका टोकाला शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि उरलेल्या भागात जलपर्णी. आकाशातून पाहिले तर सगळे हिरवे, म्हणून सूत्राने 'पाणी नाही' असे सांगितले. सूत्राने पृष्ठभाग मोजला होता आणि आम्ही त्याचा अर्थ तलाव असा लावला होता.

त्या दिवशी संध्याकाळी नकाशाचे वर्ग बदलले. 'आहे' आणि 'नष्ट' या दोनांऐवजी तीन वर्ग आले : पाणी उघडे दिसते, पाणी वनस्पतीखाली आहे, पाणी नाही. एका चित्राऐवजी जानेवारी आणि मे अशा दोन महिन्यांची चित्रे घेतली, कारण मे मध्ये कोरडा पडणारा तलाव आणि कायमचा बुजलेला तलाव यांत फरक करायला हवा. आणि प्रत्येक ठिपक्याला प्रत्यक्ष भेटीची तारीख जोडली. जिथे जाता आले नाही तो ठिपका पोकळ ठेवला. लाल ठिपके कमी झाले, पण जे उरले त्यांच्याबद्दल कोणी विचारले तर उत्तर देता येणार होते.

७. नकाशावर राहणारी माणसे

याच कामात दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो तांत्रिक नव्हता. जुन्या नकाशावरची एका तलावाची सीमा आजच्या चित्रावर ठेवली तेव्हा गटातली एक मुलगी थांबली. ती सीमा तिच्या घरावरून जात होती. तिच्या वडिलांनी तो प्लॉट वीस वर्षांपूर्वी विकत घेतला होता. पावसाळ्यात अंगणात पाणी का साचते, हे तिला त्या दिवशी कळले. थोड्या वेळाने तिने विचारले, की सर, हा नकाशा सगळ्या जगाला दिसणार ना?

विचार करा. तलाव कोणी बुजवला, परवानगी कोणी दिली, प्लॉट पाडून कोणी विकले, हे नकाशावर दिसत नाही. दिसते ते फक्त आज तिथे राहणाऱ्याचे घर. वाचक ठिपका पाहतो आणि दोषी ठरवतो. शिवाय आपली अचूकता ३० मीटरच्या आसपास. एवढ्या चुकीत शेजारच्या दोन-तीन घरांचा फरक सहज पडतो.

गटाने तीन निर्णय घेतले. एक, बुजलेल्या तलावाची सीमा बारीक रेषेने न दाखवता रुंद, फिकट पट्ट्याने दाखवायची, म्हणजे जेवढे माहीत आहे तेवढेच दिसेल. दोन, त्या भागात घरे ओळखू येतील इतके मोठे करता येणारे उपग्रहचित्र पायाला ठेवायचे नाही. तीन, रहिवाशांचे नाव वा चेहरा त्यांच्या होकाराशिवाय घ्यायचा नाही.

त्या मुलीनेच पुढे एक गोष्ट आणली. तिच्या वस्तीतल्या एका वृद्ध बाईंना पाणी कुठपर्यंत यायचे ते आठवत होते. त्या एका पिंपळापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, इथपर्यंत. जुन्या नकाशावरची सीमा त्या पिंपळापासून सुमारे ४० मीटरवर होती. दोन वेगळे स्रोत एवढे जवळ यावेत हा चांगला पुरावा आहे. तिच्या मते तो फिकट पट्टा किती रुंद असावा, याचे उत्तरही त्या ४० मीटरमध्येच होते. आम्ही तसेच केले.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहा. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना भूस्थानिक माहिती गोळा करणे आणि वापरणे बरेच मोकळे केले. तरी संवेदनशील ठिकाणांबाबत निर्बंध आहेत, आणि जबलपूरसारख्या छावणी व आयुध निर्माण्यांच्या शहरात ते विसरून चालत नाही. तिथे छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी विचारा.

८. कथेची बांधणी

माहिती तयार झाल्यावर कथा सहा टप्प्यांत बसवली :

(१) एक ओळखीचे नाव आणि प्रश्न : चेरीतालमध्ये ताल कुठे आहे?
(२) भूरचना : टेकड्या आणि उतार, म्हणजे तलाव तिथेच का झाले.
(३) जुना नकाशा : तेव्हाचे पाणी.
(४) आजचा नकाशा : तीन वर्ग. इथे जुना आणि नवा नकाशा बाजूबाजूला ठेवून मधली पट्टी सरकवता येते.
(५) एकाच तलावाची सविस्तर गोष्ट : पिंपळ, आठवण, अंगणातले पाणी.
(६) काय माहीत नाही, आणि वाचक काय करू शकतो.

प्रत्येक टप्प्यावर एकच नकाशा आणि एकच विधान ठेवा. पायाचा नकाशा फिकट असू द्या. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण ती अनेकांना वेगळी ओळखता येत नाही. प्रत्येक छायाचित्राखाली ठिकाण, तारीख आणि काढणाऱ्याचा उल्लेख हवा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली तर तिला श्रेय देणे बंधनकारक आहे. शेवटी पूर्ण कथा स्वस्त मोबाइलवर उघडून पाहा, कारण बहुतेक वाचक तिथेच पाहणार.

गटाने प्रवेशिका मुदतीत पाठवली. पारितोषिक मिळाले नाही. पण तो कथानकाशा पाहून शेजारच्या वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी गटाच्या तक्त्यात नसलेल्या दोन तलैयांची जागा कळवली. गट पुन्हा मोटारसायकली काढून गेला.

९. सारांश

• नकाशा काढून टाकल्यावर कथा कोसळली पाहिजे, तरच तो कथानकाशा.
• आधी तपासता येणारा प्रश्न, मग माहिती, मग कथा, आणि शेवटी सजावट.
• निर्देशांक पृष्ठभाग मोजतो, त्याचा अर्थ जागेवर जाऊन ठरतो.
• माहितीच्या अचूकतेपेक्षा बारीक रेषा काढू नका.
• नकाशावर माणसे राहतात. त्यांना न विचारता त्यांच्यावर ठिपका ठेवू नका.

१०. स्वाध्याय

(१) एका पिक्सेलमध्ये हिरवा ०.०७ आणि निकट-अवरक्त ०.०५ आहे. एनडीडब्ल्यूआय काढा. हा पिक्सेल पाण्याचा आहे असे ठामपणे म्हणता येईल का? कारणे द्या.
(२) १:५०,००० मापनाच्या नकाशावर ०.५ मिलिमीटरची चूक जमिनीवर किती मीटर होते?
(३) तुमच्या गावातल्या 'तळे', 'बाव', 'ओढा', 'ताल', 'सागर' असे शब्द असलेल्या दहा स्थळनामांचा तक्ता करा. त्यांपैकी किमान चार ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आज तिथे काय आहे ते नोंदवा.
(४) २२ मे १९९७ रोजी जबलपूरजवळ ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. त्यावर कथानकाशा करायचा असेल तर नकाशावर तपासता येईल असा एक प्रश्न तयार करा आणि त्यासाठी लागणाऱ्या माहितीचे रकाने लिहा.
(५) विभाग ७ मधल्या गटाच्या जागी तुम्ही असता तर बुजलेल्या तलावाची सीमा दाखवली असती का? दोन्ही बाजूंची कारणे लिहून आपला निर्णय सांगा.